घरचें आरोग्य : कोलेस्टेरॉलची गोळी आणि हृदयाची झडप

गोंदिया जिल्ह्यांतील दवनीवाडा येथून एका भगिनीचें पत्र आम्हांस गेल्या महिन्यांत आलें. पत्र खासगी आहे, म्हणून नांव देत नाहीं. परंतु त्यांतील प्रश्न आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरांत आज ना उद्यां उभा राहणारा आहे. यास्तव उत्तराचा तांतडीचा भाग त्याच दिवशीं फोनवरून कळवून, बाकीचा या सदरांतून देण्याची परवानगी आम्हीं त्यांच्याकडून मागून घेतली.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींचे मामंजी बहात्तर वर्षांचे असून शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले आहेत. घर एकत्र आहे. सासूबाई, दोघे भाऊ, दोघी जावा आणि मुलें असा परिवार. मामंजी सात-आठ वर्षांपासून कोलेस्टेरॉल कमी करण्याची गोळी रोज रात्रीं न चुकतां घेतात. दीड वर्षापूर्वीं नागपूर येथें तपासणी झाली, तींत हृदयाची एक झडप आकसली असल्याचें आढळलें. ‘विकार मध्यम स्वरूपाचा आहे, वर्षानें पुन्हां दाखवा,’ असें डॉक्टरांनीं सांगितलें. इतक्यांत पुण्याच्या एका नातेवाइकांनीं कळविलें कीं, झडपेवर जमतें तेंही कोलेस्टेरॉलच. गोळीची मात्रा वाढविली म्हणजे झडप आपोआप मोकळी होईल, शस्त्रक्रियेची भानगडच नको. मामंजींना हा सल्ला मनापासून पटला, आणि वर्षाची तपासणी टळली.

परंतु गेल्या दोन महिन्यांत देवळापर्यंत जातांना ते वाटेंत दोनदां थांबतात. आणि एके सकाळीं पूजेचें पाणी आणतांना अंधारी येऊन ते ओसरीवरच खालीं बसले. तेथें होती ती एकटी ही धाकटी सून. ‘कोणाला सांगूं नकोस, उगाच घर घाबरेल,’ असें त्यांनीं तिला बजावलें. ‘मामंजींचा शब्द पाळूं कीं त्यांचा जीव सांभाळूं?’ असा तिचा प्रश्न आहे.

त्याचें उत्तर वाचकांस शेवटच्या परिच्छेदापर्यंत ताटकळत ठेवण्याजोगें नाहीं. सांगावें, आणि आजच सांगावें. कां, तें पुढें विस्तारानें लिहितों.

हृदयांत चार झडपा असतात. डाव्या जवनिकेंतून शुद्ध रक्त ज्या मोठ्या रोहिणीवाटे सर्व शरीराकडे जातें, तिच्या मुखाशीं असलेल्या झडपेला महारोहिणीची झडप म्हणतात. तिला कागदासारख्या पातळ अशा तीन पाकळ्या असतात. शंभरांत एकदोन माणसांना जन्मतःच दोन पाकळ्या असतात, आणि अशांची झडप लवकर बिघडते. ही झडप दिवसाकाठीं सुमारें एक लाख वेळां उघडते व मिटते. सत्तर वर्षांत हा आंकडा अडीचशें कोटींच्या वर जातो. उतारवयांत कितीएकांच्या पाकळ्यांवर चुना सांचूं लागतो, त्या जाड व ताठ होतात आणि पुरत्या उघडेनाशा होतात. निरोगी झडपेचें तोंड तीन ते चार चौरस सेंटिमीटर असतें. तें एक चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी झालें म्हणजे विकार तीव्र झाला असें डॉक्टर मानतात.

भंडारा-गोंदियाकडील वाचकांस त्यांच्या मालगुजारी तलावांवरून ही गोष्ट चटकन् समजेल. तलावाचें पाणी पाटानें शेतांत जातें. पाटांत गाळ सांचला तरी पाणी अडतें, आणि तलावाच्या तोंडाचें दार गंजून अर्धवट उघडूं लागलें तरीही अडतें. शेतकऱ्याला दोन्ही वेळां दिसतें तें एकच, कीं पीक सुकत आहे. म्हणून गाळ उपसण्याचें फावडें घेऊन गंजलेल्या दाराशीं जाऊन भागत नाहीं. हृदयाच्या रोहिण्या म्हणजे पाट आणि झडप म्हणजे दार, हा भेद ध्यानांत ठेवला तर पुढील सर्व विवेचन सोपें होईल.

आतां या गोळीविषयीं. ती मूळची कोठली, हें धानाच्या मुलखांतील वाचकांस ऐकून कौतुक वाटेल. जपानांत सांक्यो या औषधी कंपनींत अकिरा एंडो नांवाचे शास्त्रज्ञ होते. आपल्या शरीरांतील कोलेस्टेरॉलचा मोठा भाग शरीर स्वतःच, विशेषतः यकृतांत, तयार करीत असतें. ती क्रिया अडविणारा एखादा पदार्थ बुरशींत सांपडेल, असें एंडो यांच्या मनानें घेतलें. सुमारें सहा हजार प्रकारचे सूक्ष्मजीव तपासल्यावर १९७३ सालीं तो पदार्थ हातीं आला. आणि तो देणारी निळसर-हिरवी बुरशी क्योटो शहरांतील एका धान्याच्या दुकानांतल्या तांदळावर मिळालेली होती! त्याच वाटेनें पुढें १९८७ सालीं अमेरिकेंत लोव्हास्टॅटिन हें या कुळांतील पहिलें औषध विक्रीस आलें. आज आपल्या घरोघरीं दिसणारीं अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन व रोसुव्हास्टॅटिन हीं त्याच कुळांतील होत. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियांतील चाचणींत ४,४४४ हृदयरोगी होते. सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यूंचें प्रमाण इतरांपेक्षां तीस टक्क्यांनीं कमी आढळलें. तात्पर्य, पाटांतील गाळापुरतें बोलावयाचें तर या गोळीचें श्रेय निर्विवाद आहे.

मग पुण्याच्या नातेवाइकांचें म्हणणें अगदींच निराधार होतें काय? तसें नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत रोगट झडपा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या गेल्या, तेव्हां रोहिण्यांत सांपडतो तसाच मेद, तशीच सूज आणि तसाच चुना त्यांत दिसला. पुढें २००० सालाच्या सुमारास कांहीं डॉक्टरांनीं रुग्णांचे जुने कागद चाळले. गोळी घेणाऱ्यांच्या झडपा न घेणाऱ्यांपेक्षां सावकाश आकसत असाव्यात, असें त्यांवरून दिसलें. तेव्हां ही आशा भल्या भल्या तज्ज्ञांनाही वाटत होती, मग आमच्या नातेवाइकांस वाटली यांत नवल तें काय!

परंतु जुन्या कागदांवरून काढलेल्या अनुमानांत एक खोट असते. गोळी घेणारा मनुष्य पुष्कळदां वेळेवर डॉक्टरकडे जाणारा, पथ्य सांभाळणारा असतो. न घेणारा तसा नसतो. मग फरक पडला तो गोळीमुळें कीं माणसांमुळें, हें कसें ओळखावें? त्याला उपाय एकच. कोणाला खरी गोळी द्यावयाची आणि कोणाला तशीच दिसणारी पोकळ गोळी द्यावयाची हें केवळ दैवावर सोपवावयाचें, आणि कोणास काय मिळालें हें रोग्यालाही कळूं द्यावयाचें नाहीं व तपासणाऱ्यालाही नाहीं.

अशा तीन चाचण्या झाल्या. पहिली स्कॉटलंडांत १५५ रोग्यांवर झाली व २००५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची ८० मिलिग्रॅम इतकी भारी मात्रा सुमारें दोन वर्षें दिली. घातक कोलेस्टेरॉल निम्म्याहून खालीं आलें. झडपा मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारख्याच वेगानें आकसत गेल्या. दुसरी चाचणी युरोपांतील सात देशांत १,८७३ रोग्यांवर चार वर्षांहून अधिक काळ चालली व २००८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत सिमव्हास्टॅटिन व एझेटिमाइब अशीं दोन औषधें एकत्र दिलीं होतीं. झडप बदलण्याची पाळी औषध घेणाऱ्यांपैकीं २८.३ टक्के लोकांवर आली, पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकीं २९.९ टक्के लोकांवर. हा फरक मोजण्यांत धरण्याजोगा नव्हे. तिसरी चाचणी कॅनडांत २६९ रोग्यांवर झाली. तींत रोसुव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम दिलें होतें. २०१० सालीं तिचाही निकाल तोच लागला. मिळून सुमारें तेवीसशें माणसें, तीन निरनिराळीं औषधें आणि उत्तर एकच: कोलेस्टेरॉल उतरतें, पण झडपेचें आकसणें थांबत नाहीं.

असें कां व्हावें? एक कारण असें दिसतें कीं, मेद हा केवळ आरंभ करून देतो. एकदां चुना बसूं लागला म्हणजे झडपेंतील कांहीं पेशी हाड घडविणाऱ्या पेशींसारख्या वागूं लागतात, आणि मग ती क्रिया कोलेस्टेरॉलच्या चढउताराकडे न पाहतां आपल्या गतीनें चालते. दुसरें कारण आनुवंशिक आहे. लायपोप्रोटीन-ए नांवाचा मेदाचा एक कण रक्तांत असतो. नॉर्वेचे कोरे बर्ग यांनीं तो १९६३ सालीं शोधून काढला. त्याचें प्रमाण ज्यांच्यांत जन्मतःच जास्त, त्यांच्या झडपेवर चुना बसण्याचा संभवही जास्त, हें २०१३ सालीं आनुवंशिकतेच्या एका मोठ्या अभ्यासानें दाखविलें. आपली नेहमींची गोळी या कणाचें प्रमाण कमी करीत नाहीं. तें वयाबरोबर फारसें बदलत नसल्यामुळें आयुष्यांत एकदां तपासलें तरी बहुधा पुरतें. मामंजींच्या रक्तांत तें जास्त निघाल्यास दोघां मुलांनींही आपलें पाहून घ्यावें. एकत्र कुटुंबांत वडिलांचें घर व शेत वांटून घेण्याविषयीं जितका विचार होतो, तितका वडिलांच्या रक्तांतून काय वांट्यास आलें आहे याचाही व्हावा.

येथें कोणी वाचक म्हणतील, ‘मग गोळी बंदच केलेली बरी!’ ही चूक पहिल्या चुकीइतकीच मोठी होय. वर सांगितलेल्या युरोपांतील चाचणींतच औषध घेणाऱ्यांपैकीं १५.७ टक्के लोकांना रोहिण्या अरुंद होऊन उद्भवणारे विकार झाले, तर पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकीं २०.१ टक्के लोकांना झाले. म्हणजे दार मोकळें झालें नाहीं, तरी पाट साफ राहिला. ज्याची झडप आकसली आहे त्याच्या रोहिण्यांतही गाळ असण्याचा संभव पुष्कळ असतो. म्हणून डॉक्टरांनीं रोहिण्यांकरितां, मधुमेहाकरितां किंवा पूर्वीं येऊन गेलेल्या झटक्याकरितां ही गोळी दिली असेल, तर ती चालूंच ठेवावी. मात्रा आपल्या मनानें वाढवूं नये व कमीही करूं नये. स्नायू दुखूं लागले तर डॉक्टरांस सांगावें. गुपचूप सोडून देऊं नये.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. हा विकार वर्षानुवर्षें मुकाट असतो. हृदय अधिक जोर लावून अरुंद तोंडांतून रक्त ढकलीत राहतें आणि माणसाला कांहींच जाणवत नाहीं. मग तीन खुणा दिसूं लागतात: चालतांना किंवा चढतांना दम लागणें, छातींत दाटून येणें, आणि श्रमाच्या वेळीं अंधारी किंवा घेरी येणें. या तिहींपैकीं एक जरी दिसली तरी मुदत सुरू झाली असें समजावें. १९६८ सालीं रॉस व ब्राउनवॉल्ड या अमेरिकन डॉक्टरांनीं असें दाखविलें कीं, शस्त्रक्रिया न झाल्यास छातींतील दुखणें सुरू झाल्यापासून सरासरी पांच वर्षें, घेरी आल्यापासून तीन वर्षें, आणि हृदय थकून दम लागूं लागल्यापासून दोनच वर्षें माणूस जगतो. दवनीवाड्याच्या मामंजींना तिहींपैकीं दोन खुणा दिसल्या आहेत. ‘मध्यम’ हा शब्द दीड वर्षापूर्वींचा आहे. आज तो खरा असेल असें धरून चालतां येत नाहीं.

शस्त्रक्रियेचें नांव काढतांच घरांत जी भीति पसरते ती आम्ही जाणतों. परंतु ही कांहीं नवी किंवा अघोरी गोष्ट राहिलेली नाहीं. १९६० सालापासून कृत्रिम झडपा बसविल्या जात आहेत. तिरुवनंतपुरम् येथील श्री चित्रा संस्थेनें आपल्या देशांतच घडविलेली झडप १९९० सालीं प्रथम एका रोग्यास बसविण्यांत आली. १६ एप्रिल २००२ रोजीं फ्रान्समधील रूआं येथें आलँ क्रिबिए यांनीं छाती न उघडतां, रक्तवाहिनींतून नळी नेऊन झडप बसवून दाखविली. वृद्ध व अशक्त रोग्यांकरितां ही रीत आतां आपल्याकडेही वापरतात. धातूच्या झडपेबरोबर रक्त पातळ ठेवण्याचें औषध जन्मभर घ्यावें लागतें, म्हणून वृद्धांना पुष्कळदां प्राण्याच्या ऊतींपासून केलेली झडप देतात. कोणास कोणती योग्य, हें हृदयरोगतज्ज्ञ व शस्त्रवैद्य यांनीं मिळून ठरवावयाचें असतें. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत आपला समावेश होतो कीं नाहीं, याची रुग्णालयांतील आरोग्यमित्राकडे आधींच चौकशी करावी.

ज्यांना अद्याप कोणतीही खूण दिसत नाहीं, त्यांचें काम तपासणी न चुकविणें हें होय. सौम्य विकार असल्यास तीन ते पांच वर्षांनीं, मध्यम असल्यास एकदोन वर्षांनीं आणि तीव्र असल्यास सहा महिने ते वर्षानें ध्वनिलहरींची तपासणी, म्हणजे लोक जिला ‘इको’ म्हणतात ती, करावी लागते. घरांत एक वही ठेवावी. तींत तपासणीची तारीख, झडपेच्या तोंडाचें माप आणि त्या महिन्यांत वडील माणूस न थांबतां कोठपर्यंत चालूं शकलें, एवढें लिहावें. किराण्याचा हिशेब ठेवणाऱ्या घराला हें जड नाहीं. मनुष्य चालणेंच कमी करून दम लागण्याची खूण झांकतो, हेंही ध्यानांत असूं द्यावें. देवळाऐवजीं ओसरीवरूनच नमस्कार होऊं लागला, तर तो वैराग्याचा भाग न समजतां विचारपूस करावी.

पत्राच्या शेवटीं भगिनींनीं जातां जातां आणखी एक गोष्ट लिहिली आहे. त्यांच्याकडे धुणें-भांडीं करणाऱ्या बाईची बारा वर्षांची मुलगी थोडें धांवली कीं धापा टाकते. तिलाही ‘झडपेचा आजार’ असल्याचें कोणी सांगितलें. तर मामंजींचीच गोळी तिला चालेल काय? मुळींच नाहीं. मुलांचा हा विकार बहुधा निराळा असतो. घशाला विशिष्ट जंतूंची बाधा होते; दोन-तीन आठवड्यांनीं ताप येतो आणि गुडघे, घोटे असे मोठे सांधे एकामागून एक सुजतात. सांधे बरे होतात, पण झडपेवरील जखम राहून जाते. पांच ते पंधरा वर्षांच्या मुलांत, दाटीनें राहणाऱ्या घरांत हा आजार अधिक. याला कोलेस्टेरॉलशीं कांहीं कर्तव्य नाहीं. घशाचा विकार डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें पेनिसिलिनचा पुरा क्रम घेऊन वेळीच बरा केला तर पुढचें टळतें. ज्या मुलाला एकदां असा ताप येऊन गेला, त्याला साधारण तीन आठवड्यांनीं पेनिसिलिनचें इंजेक्शन वर्षानुवर्षें घ्यावें लागतें. तें चुकलें कीं ताप उलटतो आणि झडप आणखी बिघडते.

मुलींच्या बाबतींत याला विशेष महत्त्व आहे. गरोदरपणांत शरीरांतील रक्त जवळजवळ दीडपट होतें, आणि तोंवर कसाबसा चाललेला संसार त्या अरुंद झडपेला पेलवेनासा होतो. लग्न होऊन आलेल्या कितीएक मुलींची धाप ‘कामाचा कंटाळा’ या सदराखालीं जमा झालेली आम्हीं पाहिली आहे. म्हणून भगिनींना आमची विनंती आहे कीं, मामंजींना गोंदियास किंवा नागपुरास न्याल त्याच वेळीं त्या मुलीलाही तिच्या आईसह बरोबर न्यावें.

शेवटीं मामंजींविषयीं दोन शब्द. ज्यांनीं जन्मभर मुलांना ‘चूक लपवूं नका’ म्हणून शिकविलें, त्यांना आपली घेरी लपवावीशी वाटली, यांत भित्रेपणा नाहीं. घराला त्रास होऊं नये ही माया आहे. परंतु त्या मायेचें ओझें त्यांनीं धाकट्या सुनेच्या डोक्यावर ठेवलें, हें त्यांनाही शांतपणें सांगितल्यास पटेल. सुनेनें प्रथम त्यांनाच सांगावें, ‘मामंजी, मी आज सासूबाईंना व थोरल्या भावजींना सांगणार आहें,’ आणि मग सांगावें. यांत शब्द मोडल्याचा दोष नाहीं.

असो. हा मजकूर छापावयास देतांना भगिनींचें दुसरें पत्र आलें आहे. मामंजी दोन दिवस कोणाशीं बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं सकाळीं पूजा आटोपल्यावर त्यांनीं स्वतःच कपाटांतून दीड वर्षापूर्वींचे कागद काढून मुलाच्या हातीं दिले आणि नागपूरच्या गाडीची वेळ विचारली. त्यांच्याबरोबर आणखी दोन तिकिटें काढलीं आहेत, एक त्या मुलीचें आणि एक तिच्या आईचें.